मृताची साक्ष आणि तिचा वाचक

खुनाची हकीकत म्हटली की सुशिक्षित घरातील माणूसही हातातले काम बाजूस ठेवून ती वाचतो, आणि वाचून झाल्यावर वर्तमानपत्रांच्या अभिरुचीबद्दल नाक मुरडतो. ह्या दुटप्पीपणाचा दोष आम्ही कोणास देत नाही. कारण त्यातून आम्हीही सुटलेलो नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड ज्यांनी पाठ्यपुस्तकाआड दडवून वाचला नाही, असे वाचक निदान एका पिढीत तरी थोडेच निघतील. पण त्या रहस्यकथांचा नायक मनुष्य होता. तो धावे, फसे, प्रसंगी मारही खाई. अलीकडे हा नायक पालटला आहे. त्याच्या जागी प्रयोगशाळा आली. रक्ताचा एक थेंब, एखादा केस, हाडाचा तुकडा ह्यांनी वर्षानुवर्षे धूळ खात पडलेला खटला पुन्हा उभा केला, अशा हकीकती आता पुस्तकांतून व चित्रपटांतून सर्वत्र आढळतात. त्यांचा साचाही ठरून गेला आहे. एक तरुणी मारली जाते, तपास थंडावतो, वर्षे लोटतात, मग यंत्र बोलते आणि अपराधी सापडतो. शेवटी लेखक समाधानाने लिहितो : विज्ञानाने खून उकलला.

ह्या शेवटच्या वाक्याचीच आम्हांस थोडी शंका आहे. मराठी व्याकरण शिकताना आपण सर्वांनी एक गोष्ट पाठ केलेली असते, की तृतीया विभक्ती दोन कामे करते. ‘रामाने फळ कापले’ ह्यात ती कर्ता दाखविते व ‘सुरीने फळ कापले’ ह्यात करण, म्हणजे साधन. मग ‘विज्ञानाने खून उकलला’ ह्या वाक्यातील तृतीया कर्त्याची की करणाची? ती करणाची असेल तर आमची काही तक्रार नाही. परंतु ह्या हकीकती लिहिणारे बहुतेक लेखक ती कर्त्याची समजून लिहितात, आणि त्यामुळे ज्यांनी खरोखर काही केले, ज्यांनी काही केले नाही, आणि जिच्यासाठी हे सर्व करावयाचे ती मृत स्त्री, अशी तिन्ही माणसे कथेतून हद्दपार होतात. हा दोष शैलीचा नसून दृष्टीचा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

हा वाद केवळ व्याकरणाचा असता तर तो पंडितांवर सोपविला असता. पण तो गोंदिया जिल्ह्यातील केशोरीच्या बाजूने पाहावा, म्हणजे त्यातील गांभीर्य ध्यानी येईल. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील हे गाव भाताच्या बांध्या आणि जंगल ह्यांच्या सोबतीने राहणारे. त्याला सर्वांत जवळची मोठी प्रयोगशाळा म्हणजे नागपूरची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. अशा गावची एखादी मुलगी नाहीशी झाली, असे घटकाभर समजू. असे काही घडले आहे असे आम्ही सुचवीत नाही. उदाहरणापुरते गाव घेतले आहे. घरच्यांनी लाजेने तोंड मिटले, शेजाऱ्यांनी ‘कोणाबरोबर तरी गेली असेल’ म्हणून विषय संपविला, आणि चौकीवरच्या अंमलदाराने नोंद करून वही मिटली, तर नागपुरातील यंत्रे कितीही सूक्ष्म असोत, त्यांच्यापुढे तपासावयास काही येणारच नाही. प्रयोगशाळा स्वतः होऊन कोणाचे दार ठोठावीत नाही. तेव्हा ‘विज्ञान आहे, आता सत्य दडणार नाही’ असे सांगणारे पुस्तक केशोरीच्या वाचकास धीर देते की गाफील करते, हा प्रश्न टीकाकाराने विचारलाच पाहिजे.

पुरावा मुका असतो आणि त्याला वाचा देणारा मनुष्य चुकू शकतो, ही गोष्ट आमच्या परंपरेस ठाऊक नव्हती असे नाही. शूद्रकाच्या, आणि देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या, ‘मृच्छकटिका’तील न्यायसभेचा प्रवेश आठवावा. वसंतसेनेच्या खुनाचा आळ चारुदत्तावर येतो. उद्यानात पाहणी करून आलेला अधिकारी सांगतो, की तेथे एका स्त्रीचे श्वापदांनी विदारलेले प्रेत दिसले. तेवढ्यात मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार भर सभेत खाली पडतात. प्रेत आहे, अलंकार आहेत, हेतूही दाखविता येतो. शृंखला पूर्ण झाली! आणि वसंतसेना तर जिवंत आहे. प्रेत खरे होते, अलंकारही खरे होते. खोटे होते ते त्या दोहोंचे वाचन. नाटककाराने न्यायाधीशास दुष्ट रंगविलेले नाही, हे विशेष. तो सज्जन आहे, चारुदत्ताविषयी त्याच्या मनात आदर आहे, तरीही तो चुकतो. खुनाच्या आधुनिक हकीकतीकडूनही आमची अपेक्षा एवढीच, की ह्या प्रवेशाचे शहाणपण तिच्यात असावे.

ह्या दृष्टीने आम्ही तीन लिखाणे वाचकांपुढे ठेवतो. त्यांतील एक इंग्रजी पुस्तक आहे. दुसरी दोन सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय. न्यायनिर्णयास वाङ्मयाच्या पंक्तीस बसविल्याबद्दल कोणी आम्हांस हसेल. परंतु ज्या लिखाणात मनुष्यस्वभावाचा शोध आहे, घटनांची जुळणी आहे, आणि ज्याच्या शेवटच्या ओळीवर कोणाचा तरी प्राण अवलंबून आहे, त्याचे परीक्षण वाङ्मयाच्या कसोट्यांनी का करू नये?

पुस्तक आहे जोसेफ वॉम्बॉ ह्यांचे ‘द ब्लडिंग’. ते १९८९ साली प्रसिद्ध झाले. लेखक पूर्वी लॉस एंजलिसच्या पोलीस दलात नोकरीस होते. विषय आहे इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातील दोन खुनांचा. १९८३ च्या नोव्हेंबरात नारबरो गावची लिंडा मान ही पंधरा वर्षांची मुलगी एका पाऊलवाटेवर मारली गेली. अपराधी सापडला नाही. १९८६ च्या जुलैअखेर त्याच परिसरात डॉन ॲशवर्थ ही तितक्याच वयाची मुलगी तशाच रीतीने मारली गेली. ह्या गावांपासून थोड्याच मैलांवर लेस्टर विद्यापीठ आहे, आणि तेथे १९८४ साली ॲलेक जेफ्रीज ह्यांस जनुकीय ठशांची पद्धत गवसली होती. प्रत्येक मनुष्याच्या पेशींतील डीएनए ह्या द्रव्यात काही मजकूर पुनःपुन्हा येतो. तो किती वेळा यावा ह्याचे प्रमाण माणसागणिक भिन्न असते. ते भेद पट्ट्यांच्या रूपाने उमटविता येतात, आणि जुळी भावंडे सोडता दोन माणसांच्या पट्ट्या सारख्या निघणे जवळपास अशक्य, असे ह्या पद्धतीचे थोडक्यात मर्म आहे. आपल्याकडे हैदराबादेस लालजी सिंग ह्यांनी १९८८ च्या सुमारास ह्याच विद्येची स्वतंत्र उभारणी केली.

आता ह्या पुस्तकातील घटनाक्रम पाहावा. पोलिसांच्या ताब्यात सतरा वर्षांचा एक मुलगा होता, आणि त्याने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. पहिलाही त्याच्याच माथी मारता यावा म्हणून पोलीस जेफ्रीजांकडे गेले. उत्तर असे आले, की दोन्ही खून एकाच माणसाचे. आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. म्हणजे खुनाच्या तपासात ह्या नव्या विद्येने केलेले पहिले काम अपराधी पकडण्याचे नसून निरपराध सोडविण्याचे होते, आणि तेही स्वमुखाने दिलेल्या कबुलीच्या विरुद्ध. ह्या एका गोष्टीसाठी ते पुस्तक प्रत्येकाने वाचावे. पुढे १९८७ साली त्या भागातील सुमारे पाच हजार पुरुषांचे रक्त तपासण्यात आले. खुनी त्यांतच होता, परंतु त्याचे रक्त त्यांत नव्हते. कॉलिन पिचफोर्क नावाच्या ह्या पाव-भट्टीवरील कामगाराने पारपत्रावरील छायाचित्र बदलून आपल्या एका सोबत्यास आपल्या नावाने रक्त देण्यास धाडले होते. इतक्या मोठ्या चाळणीतून तो सहीसलामत गळला. अखेर त्या सोबत्याने एका मद्यगृहात गप्पांच्या ओघात ही गोष्ट बोलून दाखविली. ऐकणाऱ्यांपैकी एका स्त्रीच्या मनास ती डाचत राहिली, आणि काही आठवड्यांनी तिने ती पोलिसांस कळविली. सप्टेंबरात पिचफोर्कला अटक झाली, आणि मग डीएनएने त्याची ओळख पटली. १९८८ च्या जानेवारीत त्याला जन्मठेप झाली.

वॉम्बॉंनी हे काहीही लपविले नाही. पोलिसांची फजितीदेखील ते मोकळेपणाने सांगतात. हा त्यांचा मोठा गुण. दोष आम्हांस दिसतो तो रोखाचा. इंग्रज शिकाऱ्यांत नवख्याच्या तोंडास पहिल्या शिकारीचे रक्त फासण्याची चाल होती, तिलाही ‘ब्लडिंग’ म्हणत. अशा द्व्यर्थी नावाने पुस्तक रक्ताच्या चाचणीस सिंहासनावर बसविते. ज्या स्त्रीला मद्यगृहातील एक वाक्य स्वस्थ झोपू देईना, ती मात्र कथेच्या कडेला उभी राहते. आमच्या मते ह्या कथेचा कळस तीच आहे. तिच्यापाशी ना यंत्र होते, ना अधिकार. ‘आपल्याला काय करायचे आहे?’ हा जो प्रश्न जगातील बहुतेक अपराधांस आश्रय देतो, तो तिने स्वतःस विचारला असेल, आणि त्याचे उत्तर देण्यास तिला काही आठवडे लागले. विज्ञान त्या उत्तराची वाट पाहत होते.

दुसरे लिखाण आमच्या घरचे आहे. पुण्यातील डॉ. अनंत चिंतामण लागू ह्यांच्यावरील खटला आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने नित्य चर्चिला. ‘कर्वे बाईंचा खून’ म्हणून तो घरोघर ठाऊक होता. लक्ष्मीबाई कर्वे तरुण नव्हत्या. त्या मधुमेहाने आजारी अशा, पैसाअडका बाळगून असलेल्या विधवा होत्या, आणि डॉक्टर लागू त्यांच्या विश्वासातले वैद्य. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे पुण्याहून मुंबईस आगगाडीने निघाले. सकाळी डॉक्टरांनी बेशुद्ध लक्ष्मीबाईंना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले, व तेथे त्यांचे नाव ‘इंदुमती’ असे लिहविले. दुपार होण्यापूर्वीच त्या वारल्या. देह घ्यावयास कोणी आले नाही. तो बेवारस ठरून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी गेला. पुढे शवपरीक्षा झाली, अंतर्भाग रासायनिक विश्लेषकाकडे पाठविण्यात आले, आणि उत्तर आले की विष आढळत नाही.

म्हणजे येथे विज्ञानास विचारले गेले, आणि त्याने नकारार्थी मान हलविली. अशा ठिकाणी साचेबंद हकीकत संपते. ही हकीकत मात्र येथून सुरू झाली. कारण लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंची पत्रे येऊ लागली! आपण तीर्थयात्रेस निघालो आहो. पुढे, आपण जोशी नामक गृहस्थांशी विवाह करून जयपूरकडे स्थायिक झालो आहो. आता पुण्यास येणे नाही. कोणी शोध करू नये. दरम्यान त्यांचे रोखे व पैसा डॉक्टरांच्या हाती जात होता. ही पत्रे ज्यांच्या हाती पडली त्यांतील काहींस ती पटेनात. त्यांनी तक्रारी केल्या, शोध झाला, रुग्णालयातील ‘इंदुमती’च्या प्रेताचे छायाचित्र ओळखले गेले, आणि १९५८ च्या मार्चात, म्हणजे मृत्यूनंतर सोळा महिन्यांनी, डॉक्टरांस अटक झाली.

मराठी वाचकाने ह्या प्रसंगाकडे वाङ्मयाच्या नजरेने पाहावे अशी आमची विनंती आहे. एक मनुष्य दुसऱ्याच्या नावाने पत्रे लिहितो. हे काम कादंबरीकाराचेच. त्याला लक्ष्मीबाई नावाचे पात्र उभे करावयाचे होते, आणि तिच्या तोंडी शोभेल असे बोलावयाचे होते. पत्र वाचणाऱ्यांस तिचा स्वभाव ठाऊक होता. ‘हे ती लिहिणार नाही’ असे म्हणणे म्हणजे उत्तम टीकाकाराचेच म्हणणे होय : पात्र स्वभावास सोडून बोलते आहे. रासायनिक विश्लेषकास जे सापडले नाही ते साध्यासुध्या वाचकांस सापडले. हस्ताक्षराची परीक्षा पुढे तज्ज्ञांनी केली. परंतु शंकेचा पहिला डंख हस्ताक्षराने नव्हे, आशयाने दिला.

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९५९ च्या डिसेंबरात झाला. बहुमताचा निर्णय लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला ह्यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले हे विद्वान गृहस्थ १९५४ पासून १९५६ पर्यंत नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. केशोरी तेव्हा भंडारा जिल्ह्यात होती, आणि भंडारा त्या न्यायालयाच्या अधिकारात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन ते न्यायालय संपले. त्यानंतर अकराच दिवसांनी लक्ष्मीबाई त्या गाडीत बसल्या. निर्णयाची मांडणी सावकाश व घरगुती वाटावी इतकी तपशीलवार आहे. विषप्रयोगाच्या खटल्यात मृत्यू विषाने झाला, आरोपीपाशी विष होते, आणि ते देण्याची संधी त्यास होती, ह्या गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात हे तत्त्व ते मानतात. परंतु विष देणारा स्वतःच वैद्य असेल, खुणा न ठेवणारे द्रव्य निवडण्याची विद्या त्याच्याजवळ असेल, तर केवळ प्रयोगशाळा गप्प आहे म्हणून न्यायालयानेही गप्प बसावे काय? खोटे नाव कशासाठी? ज्या रोग्यावर आपण वर्षानुवर्षे उपचार केले त्याची ओळख रुग्णालयापासून दडविणारा वैद्य रोग्याच्या हिताचे काय करीत होता? मेलेल्या बाईस पत्रांतून जिवंत ठेवण्याचे कारण काय? अशा प्रश्नांची रांग लावून बहुमताने अपील फेटाळले व देहान्ताची शिक्षा कायम केली.

पण ह्या निर्णयाचे मोल ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने न्यायमूर्ती सरकार ह्यांचे भिन्नमतही वाचावे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की लक्ष्मीबाई मधुमेहाच्या मूर्च्छेने स्वाभाविक रीत्या वारल्या असण्याची शक्यता खोडून निघालेली नाही. आणि डॉक्टरांचे पुढील वर्तन आयत्या आलेल्या मृत्यूचा फायदा उठविणाऱ्या लबाड माणसाचेही असू शकते. आमचा कौल बहुमताकडे झुकतो. तरीही हे भिन्नमत नसते तर निर्णयाची उंची कमी झाली असती असे आम्ही म्हणू. रहस्यकथेत शेवटच्या पानावर शंकेस जागा नसते; खऱ्या हकीकतीत तिला मानाचे आसन द्यावे लागते.

तिसरे लिखाण ह्याच्या अगदी उलट बाजूचे आहे, आणि म्हणूनच आम्ही ते मुद्दाम जोडीस घेतो. मंजुश्री सारडा ही बीडकडची नवविवाहिता १९८२ च्या जूनमध्ये, लग्नानंतर चारच महिन्यांनी, पुण्यास सासरी मृत आढळली. येथे विज्ञान गप्प नव्हते. पोटॅशियम सायनाइड हे विष शरीरात आढळले. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका उरली नाही. आणि पत्रेही येथे होती. तीही खरी, तिच्या स्वतःच्या हातची, बहिणीस व मैत्रिणीस लिहिलेली. खालच्या न्यायालयाने पतीस देहान्ताची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्यास निर्दोष सोडले.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. लागू खटल्यात विष सापडले नाही, तरी अपराध सिद्ध झाला. सारडा खटल्यात विष सापडले, तरी अपराध सिद्ध झाला नाही. विष होते एवढे प्रयोगशाळेने सांगितले. ते कोणी दिले, की तिनेच घेतले, हे सांगणे तिच्या शक्तीबाहेरचे होते. ज्यावर सर्व अवलंबून राहिले ती पुन्हा पत्रेच. तीच अक्षरे, तीच वाक्ये तीन न्यायालयांनी वाचली. त्यांतील दुःख कोणी छळाचा पुरावा म्हणून वाचले, तर कोणी त्यात हळव्या व खचलेल्या मनाची, स्वतःचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकणाऱ्या मनाची चिन्हे पाहिली. काव्याच्या एका ओळीचे दोन अर्थ निघाले तर फार तर दोन टीकाकार भांडतात. येथे अर्थभेदाच्या एका टोकास फास होता.

न्यायमूर्ती फझल अली ह्यांनी ह्या निर्णयात परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच सूत्रे मांडली, ती आज देशभर प्रमाण मानली जातात. प्रत्येक गोष्ट सिद्ध झालेलीच असावी, ‘असेल’ नव्हे, ‘आहे’; ती अपराधाशीच जुळावी; ती निर्णायक असावी; दुसरी प्रत्येक शक्यता तिने मोडून काढावी; आणि साखळीत कोठेही दुवा तुटलेला नसावा. ह्या सूत्रांचे मूळ १९५२ च्या ज्या निर्णयात आहे तोही नागपूरकडचाच आहे. अबकारी आयुक्त हनुमंत नरगुंदकर ह्यांच्यावरील तो खटला खुनाचा नव्हता. एका टंकलिखित पत्रावर मागाहून खोटी तारीख घातली होती की काय, हा त्यातील एक मुख्य वाद होता. आणि नरगुंदकर निर्दोष ठरले. पुराव्याच्या साखळीचे भारतीय तत्त्वज्ञान असे एका पत्राच्या वाचनातून जन्मास आले, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास मोठे सूचक वाटावे.

सारडा निर्णयाचा निष्कर्ष आम्हांस मान्य आहे. शंकेचा फायदा आरोपीस हे तत्त्व सोडणारा समाज चारुदत्तांस सुळावर चढविल्याशिवाय राहणार नाही. परंतु तो वाचून मिटताना मनास एक हुरहुर लागते, ती सांगितली पाहिजे. तरुण स्त्रीने मन मोकळे केले की तिला ‘भावनाप्रधान’ म्हणावे, आणि तिने मन झाकले की तिचे दुःख नव्हतेच म्हणावे, असा दुहेरी सापळा पत्रे वाचणाऱ्यांपुढे सदैव असतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ सालचे. त्यात खेळातल्या न्यायसभेत एका स्त्रीचे सबंध आयुष्य असेच सोयीप्रमाणे वाचले जाते, आणि तिला स्वतःस काय म्हणावयाचे आहे ते ऐकावयास कोणासच सवड नसते. ह्याउलट अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ हे १९६२ सालचे न्यायालयीन नाटक पाहताना प्रेक्षक फसविणाऱ्याच्या बहुरूपी चातुर्यास टाळ्या देतो. फसविल्या गेलेल्या स्त्रिया साक्ष देऊन निघून जातात. दोन्ही नाटके आपापल्या परीने थोर आहेत. परंतु खुनाची हकीकत लिहिणाराने कोणत्या नाटकाचे ऋण अधिक मानावे, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

कोणी म्हणेल, ‘ही सर्व जुनी उदाहरणे झाली, आता चोहोंकडे कॅमेरे आहेत, डीएनएही आहे.’ त्यांस अलीकडचेच उदाहरण देतो. २०१४ च्या जानेवारीत मुंबईस रेल्वेस्थानकावर उतरलेली तेवीस वर्षांची एक अभियंता तरुणी नाहीशी झाली, व काही दिवसांनी महामार्गाच्या कडेस तिचे प्रेत सापडले. स्थानकावरील कॅमेऱ्याच्या चित्रफितीवर खटला उभा राहिला. दोन न्यायालयांनी देहान्ताची शिक्षा दिली. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस सोडले. त्या चित्रफितीसाठी कायद्याने मागितलेले प्रमाणपत्र सादरच झाले नव्हते, आणि उरलेली साखळीही न्यायालयास टिकाऊ वाटली नाही. यंत्राने पाहिले असेलही. पण त्याची साक्ष रीतसर घेण्याचे काम माणसाचे होते. ह्या मुलीच्या आईबापांस अकरा वर्षांनी काय मिळाले, ह्याचा विचार करताना लेखणी जड होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या अपराधांत वैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा असे सांगितले आहे, आणि राज्यांस त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. केशोरीच्या जंगलवाटेवर पावसाळ्याच्या दिवसांत असा तज्ज्ञ किती तासांनी पोहोचेल, तोवर त्या जागेची राखण कोण करील, आणि तो येण्यापूर्वी त्याला बोलवावयाचे धैर्य घरातील कोण दाखवील, हे प्रश्न मात्र कलमांनी सुटणारे नाहीत. ते सुटावयाचे तर वाचणाऱ्या समाजाची दृष्टी बदलावी लागेल. आणि दृष्टी बदलणे हे कायद्यापेक्षा वाङ्मयाचे काम अधिक आहे.

म्हणून आमच्या लेखकांकडे मागणे एवढेच आहे. मराठीत रहस्यकथांचा तोटा नाही. परंतु एखाद्या खऱ्या खटल्याची, निर्णय समोर ठेवून, आदराने व कसोशीने सांगितलेली हकीकत आमच्या वाचनात फारच थोडी येते. ती कोणी लिहिलीच, तर मेलेली स्त्री पहिल्या पानावर प्रेत म्हणून येऊ नये. ती कोण होती, कशी बोले, कोणास पत्रे लिही, हे आधी सांगावे. तपास थंडावला असे लिहिताना तो आपोआप थंडावला असे लिहू नये. कोणी थंडावू दिला, ते लिहावे. प्रयोगशाळेने जे सांगितले ते स्पष्ट मांडावे, आणि जे ती सांगू शकली नाही तेही तितकेच स्पष्ट. आणि जर कोठे एखाद्या सामान्य बाईने किंवा बाप्याने ‘हे मला पटत नाही’ असे म्हणून शांततेचा भंग केला असेल, तर त्याला कथेच्या कडेला उभे न करता मध्ये आणावे.

लक्ष्मीबाईंच्या नावाने आलेली पत्रे ज्यांस पटली नाहीत, त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांच्यापाशी लक्ष्मीबाईंची ओळख होती, आणि ती ओळख खोटी ठरवून घेण्यास ते तयार झाले नाहीत. उकलला तो खून त्यांनी. ही तृतीया कर्त्याची आहे.